डिझेल मोटारीचे बळ आणि तिची काटकसर



मोटार ही वस्तू आता केवळ धनिकांच्या दारी शोभणारी राहिलेली नाही. इंदूरच्या मध्यमवर्गीय वस्त्यांतून हिंडताना जागोजागी चार दारांची, मागे डिक्की असलेली मोटार घरापुढे उभी दिसते. आणि तीत काही वर्षे वापरलेल्या डिझेल मोटारीही पुष्कळ असतात. उन्हाळ्याच्या सुटीत धुळे, नाशिक, पुणे येथील आप्तांना भेटावयास निघालेली मंडळी सेंधव्यापुढील बिजासन घाटात शिरली, की 'गाडीला आणखी थोडा जोर असता तर!' असे कोणीतरी म्हणतोच. पुढे पंपावर पैसे मोजताना तोच गृहस्थ 'थोडे अधिक ॲव्हरेज दिले असते तर!' असेही म्हणतो. हे दोन्ही मनोरथ एकाच वेळी पुरे करून देऊ, असे सांगणारे कारागीरही मग भेटतात. संगणकाची तार जोडावयाची, तासाभराचे काम. बळही वाढेल आणि तेलही वाचेल! हे कितपत खरे आहे आणि त्याची किंमत कोणास मोजावी लागते, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

प्रथम डिझेल यंत्राची जात ओळखून घेऊ. पेट्रोलच्या यंत्रात हवा व इंधन यांचे मिश्रण ठिणगीने पेटविले जाते. डिझेल यंत्रात ठिणगीच नसते. नळकांड्यातील दट्ट्या वर येताना नुसती हवा दाबतो. ती मूळ आकारमानाच्या सुमारे सतराव्या-अठराव्या हिश्शात कोंबली गेली, की पाचशे अंशांहून अधिक तापते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाची नळी गरम होते, हा अनुभव सर्वांस आहे. त्याचाच हा उग्र प्रकार. त्या तप्त हवेत तेलाचा अतिसूक्ष्म फवारा सोडला, की तो आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९० नंतरच्या दशकात ही कल्पना मांडली आणि १८९७ साली आउग्सबुर्ग येथे त्याच्या यंत्राची यशस्वी परीक्षा झाली. इंधनातील उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के उष्णतेचे त्याने उपयुक्त कामात रूपांतर केले. त्या काळची वाफेची यंत्रे याच्या जवळपासही पोचत नव्हती.

यावरून एक गोष्ट ध्यानी येईल. काटकसर हा डिझेल यंत्राचा जन्मजात गुण आहे. हवा जितकी अधिक दाबली जाते, तितके उष्णतेचे कामात रूपांतर अधिक होते. शिवाय पेट्रोल यंत्राप्रमाणे येथे हवेची वाट अडवून वेग कमी करावा लागत नाही. फवाराच लहान-मोठा केला जातो. त्यातच एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे दहा टक्के ऊर्जा अधिक असते. या तिन्ही गोष्टी मिळून डिझेल मोटारीचा 'कमी खाणारी' हा लौकिक झाला.

मग बळ कशाने वाढते? तेल ओतणे सोपे आहे; पण ते जाळण्यास हवा हवी. चुलीत लाकडे कोंबली आणि वारा घातला नाही, तर जाळ न होता धूर होतो, हे आपल्या घरांतील आजीबाईंना कोणत्याही पाठ्यपुस्तकावाचून ठाऊक आहे. यंत्राचेही तसेच. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली यावर तोड काढली. यंत्रातून वाया जाणाऱ्या तप्त धुराच्या झोताने एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा यंत्रात दाबून भरावी, अशी ही युक्ती होय. यालाच टर्बोचार्जर म्हणतात. हे चक्र मिनिटास एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकते. पुढे दाबलेल्या गरम हवेस थंड करणारा इंटरकूलर आला आणि इंधनाचा फवारा वातावरणाच्या हजार पटींहून अधिक दाबाने, संगणकाच्या आज्ञेनुसार सोडणारी 'कॉमन रेल' पद्धती १९९७ साली अल्फा रोमिओच्या १५६ या मोटारीतून प्रथम प्रवासी मोटारींत आली.

या सुधारणांनी किती अंतर पडले, ते आपल्याच देशातील उदाहरणांनी पाहू. १९८० च्या सुमारास निघालेल्या डिझेल ॲम्बॅसडरचे यंत्र १,४८९ घनसेंटिमीटरचे होते आणि त्याचे बळ अवघे ३७ अश्वशक्तीच्या आसपास होते. फियाट कंपनीच्या रचनेचे १,२४८ घनसेंटिमीटरचे यंत्र पुढे मारुतीच्या व टाटांच्या अनेक मोटारींत बसविले गेले. आकाराने लहान असूनही त्याने डिझायरमध्ये सुमारे ७५ अश्वशक्ती दिली. त्याहून मौजेची गोष्ट अशी, की तेवढ्याच आकाराच्या यंत्राने एसएक्स-फोर या मोटारीत ९० अश्वशक्ती दिली. तेथे टर्बोचार्जर वेगळ्या जातीचा, म्हणजे आपली पाती गरजेप्रमाणे वळविणारा, होता आणि संगणकातील आज्ञाही त्याला साजेशा होत्या. म्हणजे यंत्रात बळ शिल्लक असते व ते बाहेर काढता येते, हा कारागिराचा दावा अगदीच पोकळ नाही.

हा कारागीर नेमके करतो काय? आधुनिक मोटारीच्या संगणकात एक कोष्टक असते: यंत्राचे फेरे इतके, पायाखालील पट्टी इतकी दाबली, तर फवारा इतका, या क्षणी, आणि टर्बोचा दाब इतका. या कोष्टकातील आकडे बदलणे यासच 'रीमॅपिंग' म्हणतात. काही जण संगणकास हात न लावता मध्येच एक लहानशी पेटी जोडून त्याला खोटी माहिती पुरवितात, म्हणजे तो आपण होऊन अधिक तेल सोडतो. बळ वाढते, यात संशय नाही. परंतु कारखान्याने ते आकडे मुद्दाम मागे ठेवलेले असतात, ते अज्ञानाने नव्हे. तीच मोटार कोकणच्या किनाऱ्यावर धावणार असते आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवरील इंदुरातही. येथील हवा किनाऱ्यापेक्षा सुमारे पाच टक्क्यांनी विरळ. पौषातील पहाटेच्या १५ अंशांच्या हवेपेक्षा वैशाखातील ४० अंशांची हवा आणखी आठ टक्क्यांनी विरळ. तेल कधी चांगले मिळेल, कधी सुमार. हवेची जाळी कधी धुळीने भरलेली असेल. अशा सर्व प्रसंगी यंत्र टिकावे, क्लच घसरू नये, टर्बो तापून जाऊ नये, म्हणून ही राखीव शिल्लक असते. ती काढून घेणे म्हणजे अडीअडचणीसाठी ठेवलेली पुंजी रोजच्या चैनीवर उडविणे होय.

आता काटकसरीकडे वळू. मोटारीस पुढे ढकलण्यास जेवढी ऊर्जा लागते तेवढी लागणारच. कोष्टक बदलून रस्ता सपाट होत नाही की मोटार हलकी होत नाही. ही ऊर्जा मुख्यतः चार ठिकाणी खर्च होते: हवेचा विरोध, टायरांचे घर्षण, चढ आणि वारंवार ब्रेक लावून वाया घालविलेला वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किलोमीटर वेगाऐवजी ९० ने गेल्यास वेग दीडपट होतो, पण हवेचा विरोध सव्वादोनपट. म्हणून काटकसरीची पहिली कळ चालकाच्या पायात आहे. टायरांत कंपनीने सांगितलेला हवेचा दाब ठेवणे, डिक्कीतील निष्कारण ओझे व टपावरील रिकामा कॅरियर काढणे, हवेची व तेलाची जाळी वेळेवर बदलणे, कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच इंजिनऑइल घालणे, वरच्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांत शांतपणे चालविणे, लांबून लाल दिवा दिसताच पाय उचलणे, हे सारे उपाय फुकटचे अथवा अल्प खर्चाचे आहेत. त्यांनी यंत्राचे आयुष्य घटत नाही, वाढते. रीमॅपिंगनंतर खालच्या फेऱ्यांत जोर वाढल्यामुळे थोडे तेल वाचू शकते, पण हाती आलेला जोर न वापरण्याचा संयम चालकाजवळ असेल तरच. नवा जोर वापरावयाचा आणि तेलही वाचवावयाचे, हे लाडू खाऊन उपवास करण्यासारखे आहे.

थोडे गणित करू. समजा, एक कुटुंब वर्षाकाठी १५,००० किलोमीटर हिंडते आणि मोटार लिटरला १८ किलोमीटर जाते. डिझेल लागेल सुमारे ८३३ लिटर. तीच मोटार २० किलोमीटर देऊ लागली, तर ७५० लिटर पुरे. बचत ८३ लिटरची. लिटरला ९० रुपये धरल्यास वर्षास सुमारे ७,५०० रुपये. कारागिराने समजा ३०,००० रुपये मागितले, तर मूळ रक्कम सुटावयास चार वर्षे लागतील. तीही मध्यंतरी क्लच किंवा टर्बो बदलावा लागला नाही तर. उलट टायरातील हवा व पायाचा संयम यांनी तेवढीच बचत झाली, तर ती पहिल्या महिन्यापासून घरात राहते. शिवाय एक लिटर डिझेल जळले, की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे ८३ लिटर वाचविणारे कुटुंब वर्षाला सव्वादोनशे किलोंच्या आसपास तो वायू कमी सोडते.

मात्र धुराचा प्रश्न एवढ्यावर संपत नाही, आणि आमच्या मते या विषयातील खरे गांभीर्य येथेच आहे. हवेच्या मानाने तेल अधिक झाले तर काजळी निर्माण होते. ज्वलन अति तप्त झाले तर नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे बनतात. काजळी अडविण्यासाठी नव्या मोटारींत गाळणी असते आणि ज्वलन थोडे थंड ठेवण्यासाठी काही धूर पुन्हा यंत्रात फिरविला जातो. काही ठिकाणी 'गाडी मोकळी होते' असे सांगून ही गाळणी कापून टाकतात व तो मार्ग बंद करतात. गाडी मोकळी होते खरी, पण शाळेच्या फाटकापाशी उभ्या असलेल्या बालकांची छाती कोंडते. संगणकातील आज्ञांचा दुरुपयोग केवढा मोठा होऊ शकतो, ते २०१५ साली जगाने पाहिले. परीक्षा चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरताच धूर कमी सोडणाऱ्या आज्ञा फोक्सवॅगन कंपनीने जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल मोटारींत घातल्याचे तेव्हा उघड झाले. २०१७ पासून स्वच्छतेत वर्षानुवर्षे देशात पहिले ठरलेल्या आपल्या नगरीने रस्ता झाडून लखलखीत ठेवावा आणि त्यावरून काळा धूर सोडीत मोटार जावी, हे शोभणारे नाही.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ वर्णनाशी विसंगत ठरेल असा फेरबदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. एप्रिल २०२० पासून 'भारत स्टेज सहा' हे कडक मानकही लागू झाले. अपघात झाल्यास विमा कंपनी अशा फेरबदलावर बोट ठेवू शकते, हे निराळेच.

येथे इंदूरकरांनी अभिमान बाळगावा अशी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मोटारींची शास्त्रशुद्ध परीक्षा घेणारी मोठी धावपट्टी आपल्या शेजारीच, पिथमपूर येथे, आहे. 'नॅट्रॅक्स' या संस्थेची ही लंबवर्तुळाकार पट्टी ११.३ किलोमीटर लांब व १६ मीटर रुंद असून जून २०२१ मध्ये तिचे उद्घाटन झाले. कमाल वेग, वेगवृद्धी, एकसमान वेगावरील इंधनखर्च, वेगात दिशा बदलतानाचे स्थैर्य या साऱ्यांची मोजणी तेथे होऊ शकते. एखाद्या मोटारीचे आकडे ठरविण्यामागे केवढी तपश्चर्या असते, याची कल्पना यावरून येईल. तासाभरात ते बदलणाऱ्याजवळ असे मोजमाप असते काय, हा प्रश्न ग्राहकाने अवश्य विचारावा.

मोजमाप आपणही करू शकतो. पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, किलोमीटरचा आकडा टिपावा. पुढील खेपेस त्याच पंपावर तशीच भरून, धावलेल्या किलोमीटरांस भरलेल्या लिटरांनी भागावे. निदान चार खेपांची सरासरी काढावी. एका वेळी एकच बदल करावा. टायरची हवा, जाळी आणि चालविण्याची रीत एकदम बदलली, तर गुण कशाचा हे कधीच कळणार नाही. हीच विज्ञानाची रीत होय, आणि ती प्रयोगशाळेइतकीच घरापुढील मोटारीलाही लागू पडते. पुढच्या सुटीत घरी हा हिशेब ठेवण्याचे काम विद्यार्थ्यांनी आपल्याकडे मागून घ्यावे.

तात्पर्य, ज्याच्या मोटारीचे बळ खरोखरच घटले आहे त्याने आधी जाळ्या, फवारे, टर्बोच्या नळ्या व टायर तपासून कारखान्याने दिलेले मूळ बळ परत मिळवावे. बहुधा तेवढ्यानेच घाट चढेल. ज्यास अधिकच बळ हवे त्याने पुढील खेपेस मुळातच अधिक बळाची मोटार घ्यावी. यंत्राच्या ठायी शिल्लक ठेवलेली शक्ती त्याच्या दीर्घायुष्यासाठी असते, आणि धुराड्यावर बसविलेली गाळणी ही शेजाऱ्याच्या श्वासाची राखण असते. या दोहोंस धक्का न लावता जी बचत होईल, तीच खरी काटकसर.