विंचवाचे बिऱ्हाड, कुत्र्या-मांजरासकट

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण बदलीच्या नोकरीवाल्यांसाठी वापरतो. दोन ट्रंका, एक वळकटी, एक स्टोव्ह, की निघाले! पण युरोपातली कितीतरी कुटुंबे हीच म्हण हौसेने, पदरचे पैसे मोडून, सुटीत अमलात आणतात. त्यांच्या मोटारीतच बिछाने, शेगडी आणि मोरी असते. तिला 'कॅम्पर व्हॅन' म्हणतात. माझी लेक आणि जावई म्युनिकला असतात. त्यांच्या अशा व्हॅनमधून २०२३ च्या जुलैत मी तीन आठवडे हिंडले. आम्ही चौघे, म्हणजे लेक, जावई, नऊ वर्षांची नात आणि मी. शिवाय तेरा वर्षांचा कुत्रा बाळ्या आणि मनी मांजर. जागा मात्र सहा मीटर लांब नि दोन मीटर रुंद. गिरगावच्या चाळीत वाढलेल्या मला ती काही नवी नव्हती म्हणा!

जनावरांसकट अशी सफर करण्याची हौस तशी जुनीच आहे. गॉर्डन स्टेबल्स या आरमारातल्या निवृत्त डॉक्टरने १८८५ साली इंग्लंडात केवळ सफरीसाठी घोड्यांनी ओढायचे एक घरच बांधून घेतले आणि बरोबर आपला न्यूफाउंडलंड कुत्रा नि काकाकुवा घेतला. पुढे १९५१ पासून वेस्टफालिया या जर्मन कारखान्याने फोक्सवॅगनच्या गाड्यांत बिछाने नि कपाटे बसवायला सुरुवात केली आणि मध्यमवर्गीयांना ही चैन परवडू लागली. जॉन स्टाइनबेक १९६० साली ट्रकवर घर चढवून अमेरिका पाहायला निघाला, तेव्हा त्याचा सोबती होता चार्ली नावाचा पूडल!

आता कागदपत्रांची गंमत ऐका. तिकडे कुत्र्या-मांजरांनाही पासपोर्ट असतो, निळ्या वेष्टणाचा, अगदी आपल्यासारखा! त्यात कातडीखाली बसवलेल्या चकतीचा पंधरा आकडी क्रमांक असतो नि पिसाळरोगाच्या लसीची नोंद असते. पहिल्या लसीनंतर २१ दिवस थांबल्याखेरीज देशाची सीमा ओलांडता येत नाही. एवढे केले की ऑस्ट्रिया काय नि इटली काय, बाळ्या बिनधास्त जाणार. मला मात्र बँकेचे कागद, विम्याचे कागद आणि बोटांचे ठसे देऊन व्हिसा काढावा लागला होता. नात म्हणाली, "आजी, बाळ्याला व्हिसा लागत नाही!" म्हटले, "हो बाई, त्याचे वजन मोठे!"

वजनावरून आठवले. साध्या परवान्यावर चालवायच्या अशा गाडीचे वजन माणसांसकट ३५०० किलोपलीकडे जाता कामा नये. टाकीतले पाणीसुद्धा त्यातच धरायचे. एक लिटर म्हणजे एक किलो. जावईबापू निघण्यापूर्वी तराजू घेऊनच बसले. "आई, तुमचा कुकर घेऊ, पण लोणच्याची बरणी एकच हं!" जर्मन रहदारीच्या कायद्यात कुत्रा हेही सामानच, तो नीट बांधलेला हवा. म्हणून बाळ्याला पट्टा आणि मनीला पिंजरा. मांजर पिंजऱ्यात आहे हे डोळ्यांनी पाहिल्यावाचून गाडीची किल्ली फिरवायची नाही, असा घरचा कडक नियम होता. भांडी धुतलेले पाणी नि संडासाची पेटी ठरलेल्या जागीच रिकामी करायची. ते काम पाळीपाळीने.

म्युनिकहून आम्ही ब्रेनर खिंडीत चढलो. तिची उंची १३७० मीटर, जवळजवळ आपल्या महाबळेश्वराएवढी. हवा तशीच गोड. पलीकडे उतरून गार्डा सरोवराकाठी मुक्काम केला आणि तिथे उन्हाने गाठले. त्या जुलैत इटलीत उष्णतेची लाट आली होती. कुत्र्याच्या अंगाला आपल्यासारखा घाम येत नाही. तो धापा टाकूनच अंग निववतो. बाळ्या रात्रभर धापा टाकत होता. अशा दिवसांत त्याला गाडीत ठेवून कुठे जावे म्हटले, तर बंद गाडी म्हणजे भट्टीच. बाहेर २२ अंश असले तरी आत तासाभरात पारा ४७ वर जाऊ शकतो.

दुसऱ्या दिवशी व्हेनिसला जायचे ठरले होते. तीस वर्षे शाळेत मार्को पोलो शिकवला. त्याचे गाव पाहण्याची माझी केवढी इच्छा! सकाळी पशुवैद्याने बाळ्याला तपासले. तो म्हणाला, हृदय थकले आहे. याला थंड हवेत न्या, शक्य तर आजच.

जावईबापू हळूच म्हणाले, "याला चार दिवस इथल्या कुत्र्यांच्या वसतिगृहात ठेवू. आई पुन्हा कधी येणार?"

लेक म्हणाली, "अन् तो तिथेच गेला तर?"

नात काहीच बोलली नाही. ती बाळ्याच्या गळ्यात हात टाकून बसली होती. दोघांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "व्हेनिस हजार वर्षे पाण्यात उभे आहे, आणखी काही वर्षे उभे राहील. बाळ्याचे तसे नाही. गाडी वळवा."

डोलोमाइट पर्वतातल्या टोब्लाख गावी आम्ही दहा दिवस राहिलो. गाव इटलीत, पण बोली जर्मन. पहिल्या महायुद्धानंतर तो मुलूख ऑस्ट्रियाकडून इटलीकडे आला. बाळ्या दुसऱ्याच दिवशी उठून जेवला. संध्याकाळी तो, नात आणि मी गवतातून सावकाश फिरत असू. मनी खिडकीच्या जाळीतून आमच्यावर देखरेख ठेवी. त्या डिसेंबरात तो गेला, आपल्या घरी, नातीच्या पायाशी.

पूर्वी आपल्या मोठ्या घरांत एक अलिखित नियम असे. घरातल्या म्हाताऱ्याच्या पथ्याचे आधी शिजायचे नि मग बाकीच्यांचे. प्रत्येकाला वेगळी खोली मिळाली आणि तो नियम हळूहळू विसरला गेला. सहा मीटरांच्या त्या घरात तो विसरायची सोयच नव्हती. तिथे एकाची धाप सगळ्यांना ऐकू येते.

अशा सफरीला निघणाऱ्यांना मी एवढेच सांगेन. मुक्कामाची यादी जरूर करा, पण शिसपेन्सिलीने करा. आणि घरात जो सगळ्यांत थकलेला असेल, मग तो दोन पायांचा असो की चार, त्याच्या चालीने चाला.