वंशाची शीत ठेव

दुधाच्या कॅनसारखे दिसणारे आणि झाकण काढताच पांढरे धुके बाहेर सोडणारे द्रवनत्राचे पात्र महाराष्ट्रातील गोपालकांच्या चांगल्या परिचयाचे आहे. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे स्थापिलेल्या 'बाएफ'सारख्या संस्थांच्या उद्योगाने वळूच्या रेताच्या कांड्या त्यातून गावोगाव पोहोचल्या. त्याच जातीच्या पात्रात उत्तम श्वानवंशांचे बीजही जतन करता येते, ही गोष्ट मात्र आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक नसते.

हे पात्र जेम्स ड्यूअर यांनी १८९२ साली सिद्ध केलेल्या निर्वात भांड्याचे वंशज होय. दोन भिंतींमधील हवा काढून घेतल्यामुळे बाहेरची उष्णता आत सहसा शिरत नाही, आणि उणे १९६ अंश सेल्सिअस तपमानाचे नत्र दीर्घकाळ टिकते. तरीही ते हळूहळू उडून जातच असते. म्हणून ठरल्या दिवशी पट्टी बुडवून पातळी मोजावी, ती दप्तरी नोंदावी आणि उणे पडलेले भरावे, हा बंदोबस्त जेथे चुकत नाही तेथेच बीज दशकानुदशके सुरक्षित राहते.

सस्तन प्राण्यांतील कृत्रिम रेतनाचा ज्ञात इतिहास श्वानापासूनच सुरू होतो. लाझ्झारो स्पालान्झानी या इटालियन धर्मगुरूने १७८० साली कोंडून ठेवलेल्या एका कुत्रीस पिचकारीने रेत दिले, आणि बासष्ट दिवसांनी तिला तीन पिल्ले झाली. गोठलेल्या शुक्राणूंना पुन्हा सचेतन करण्याची किल्ली मात्र १९४९ साली इंग्लंडात पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांच्या हाती लागली: शर्करेचे म्हणून ठेवलेले एक द्रावण अनपेक्षितपणे गुणकारी ठरले आणि पृथक्करणाअंती त्यात ग्लिसरॉल निघाले. श्वानाच्या गोठवलेल्या रेतापासून पिल्ले जन्मल्याचे वृत्त स्टीफन सीगर यांनी अमेरिकेत १९६९ साली प्रसिद्ध केले.

श्वानाचे रेत तीन अंशांत येते: आरंभीचा स्वच्छ द्रव, मधला दुधाळ शुक्राणुयुक्त अंश आणि शेवटी विपुल असा प्रोस्टेट ग्रंथीचा स्राव. गोठवण्यास मधलाच अंश उपयोगी असल्याने संकलन करणारा तो कुशलतेने वेगळा धरतो. मग अंड्याचा बलक आणि ग्लिसरॉल असलेल्या द्रावणात मिसळून तो सावकाश थंड करतात, अर्ध्या मिलिलिटरच्या कांड्यांत भरतात, काही मिनिटे नत्राच्या वाफेवर धरतात आणि अखेर नत्रात बुडवतात.

शीत हा प्रामाणिक दप्तरदार आहे. त्याच्या हवाली जे केले तेच तो जपतो, त्यात तिळमात्र सुधारणा करीत नाही, आणि दोष असलाच तर तोही जपतो. म्हणूनच या कलेचा खरा आरंभ पात्रापाशी न होता नराच्या प्रोस्टेटपाशी होतो. टेस्टोस्टेरॉनपासून बनणाऱ्या संप्रेरकाच्या प्रभावाने ही ग्रंथी वयाबरोबर वाढत जाते. खच्चीकरण न केलेल्या नरांपैकी निम्म्याहून अधिकांत पाचव्या वर्षापर्यंत, आणि नवव्या वर्षापुढे बहुतेकांत, ही वाढ आढळते. शिश्नातून रक्ताचे थेंब गळणे, शौचास कुंथणे, विष्ठा चपटी पडणे आणि रेतात रक्त दिसणे ही तिची लक्षणे होत. अशा ग्रंथीत जंतूंचा, विशेषतः ई. कोलायचा, शिरकाव झाला की दाह होतो व शुक्राणूंची चैतन्यशक्ती खालावते. ब्रुसेला कॅनिस हा जंतू तर गर्भपातास कारण होतो आणि माणसासही बाधतो. त्याची रक्तपरीक्षा केल्यावाचून एकही कांडी पात्रात जाऊ देणे हा भावी पिढ्यांवरील अन्याय आहे.

खच्चीकरणाने ग्रंथीची साधी वाढ हमखास ओसरते, परंतु त्याबरोबर वंशही संपतो. म्हणून पैदाशीच्या मोलाच्या नरास फिनॅस्टेराइडसारखे औषध देतात. त्याने ग्रंथी आकसते आणि शुक्राणूंची निर्मिती चालू राहते, मात्र औषध थांबल्यावर वाढ पुन्हा डोके वर काढते. जंतुदाहावर ग्रंथीत खोल शिरणारे प्रतिजैविक कित्येक आठवडे द्यावे लागते, आणि शुक्राणू घडण्यास सुमारे दोन महिने लागत असल्याने त्यानंतरही संकलनाची घाई करून चालत नाही.

एवढे सारे सांभाळूनही वितळवलेल्या शुक्राणूंचे आयुष्य अल्प, जेमतेम दिवसभराचे असते. श्वानमादीचे अंडे तर सुटल्यानंतर सुमारे दोन दिवसांनी परिपक्व होते. म्हणून तिच्या रक्तातील प्रोजेस्टेरॉन मोजून मुहूर्त साधावा लागतो आणि रेत थेट गर्भाशयात सोडावे लागते. इतक्या निरुंद फटीतून ज्याला पलीकडे जायचे आहे, ते बीज मुळातच सशक्त हवे.

यास्तव, ज्यांच्या घरी गुणी नर आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, तो म्हातारा झाल्यावर, ग्रंथी सुजल्यावर धावपळ करण्यापेक्षा त्याच्या ऐन उमेदीत, तिसऱ्या-चौथ्या वर्षी, ही तजवीज करावी, आणि पुढेही दरवर्षी ग्रंथीची तपासणी चुकवू नये. कांडीवर नराची ओळख आणि संकलनाची तारीख छापलेली असते. त्या तारखेस तो कसा होता, याची जबाबदारी त्याला वाढवणाऱ्याची.