नभोवाणीवरील पहिली मुलाखत

नभोवाणीवरून आपला आवाज चार घरी ऐकू जावा, अशी हौस बहुतेकांस असते. परंतु प्रत्यक्ष बोलावणे आले म्हणजे भल्याभल्यांची जीभ टाळ्यास चिकटते. आमचेही तसेच झाले. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी सांगण्यासाठी पुण्यास यावे, असे पत्र आले आणि दहा मिनिटांच्या मुलाखतीपायी पाटसच्या आमच्या घरात आठ दिवस धांदल उडाली.

थोरले बंधू अण्णा यांची हयात शिक्षकीत गेलेली. त्यांनी चार पाने मजकूर सुवाच्य अक्षरांत लिहून दिला. खडी फोडणारी माणसे, परदेशातून आलेला तांबडा मिलो, पुढे १९७७ साली झालेला रोजगार हमीचा कायदा, काही म्हणून सुटले नव्हते. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती, हा आकडाही त्यात होता. नातवाने घड्याळ लावले. वाचन साडेनऊ मिनिटांत संपले. सर्वांनी समाधानाने माना डोलावल्या.

थोरल्या वहिनी मात्र गप्प होत्या. दृष्टी अधू झाल्यापासून नभोवाणी हीच त्यांची सोबत. कोण मनापासून बोलतो व कोण कागद वाचतो, हे त्यांना दोन वाक्यांत कळते. त्या म्हणाल्या, "भाऊजी, हे तुम्ही बोलत नाही, यांचा कागद बोलतो आहे. आणि आपल्या विहिरीचे त्यात काहीच कसे नाही?"

घरात एकदम शांतता पसरली. १९७३ च्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीस गुडघाभर पाणी उरले, तेव्हा आवाराच्या फाटकास महिनाभर कुलूप होते. वस्तीवरच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन परत जात. आम्ही त्या वेळी बारा वर्षांचे होतो. ते दृश्य अद्याप डोळ्यांपुढून हलत नाही. "घरची गोष्ट वेशीवर टांगण्याचे कारण नाही," एवढे बोलून अण्णा उठून गेले.

आगगाडीने पुण्यास जाताना आम्हांस तेथील केंद्राचीच एक जुनी हकीकत आठवली. २ ऑक्टोबर १९५३ रोजी ते केंद्र सुरू झाले. पुढे १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने सुमारे १५० खेड्यांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन झाली. अर्ध्या अर्ध्या तासाचे २० कार्यक्रम त्यांनी एकत्र बसून ऐकले, त्यांवर चर्चा केली, आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठविले. ऐकणारा मुका नसतो, तोही मनात प्रश्न करीत असतो, हे त्यांनी दाखवून दिले. मग आमच्या पाटसच्या श्रोत्याने विहिरीविषयी विचारले, तर त्यास काय सांगावे?

ध्वनिमुद्रणाच्या खोलीचे जड दार मिटले आणि बाहेरचे सारे जग बंद झाले. निवेदिकाबाई मोठ्या सौजन्याने म्हणाल्या, "कागद हातात नको, त्याची सळसळ ऐकू येते. ध्वनिक्षेपकापासून वीतभर अंतर ठेवा. सभेत बोलल्यासारखे नको. घरातल्या एका माणसाशी बोलल्यासारखे बोला." आम्ही वहिनींस डोळ्यांपुढे आणले. तांबडा दिवा लागला. तिसराच प्रश्न आला, "तुमच्या घरी पाण्याचे कसे काय होते?" चार पाने पालथी पडून होती. क्षणभर थांबून आम्ही कुलपाची हकीकत जशी घडली तशी सांगितली.

कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी सारे घर जमले. अण्णा खिडकीकडे तोंड करून बसले होते. मुलाखत संपल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तेच हळूच म्हणाले, "वडिलांनी नुसते सांगितले होते. कुलूप मी लावले." पन्नास वर्षांत हे वाक्य त्या घरात कोणी ऐकले नव्हते. वहिनींनी काही न बोलता त्यांच्यापुढे पाण्याचे फुलपात्र ठेवले.

वाचकांपैकी कोणास असे बोलावणे आले, तर तयारी अवश्य करावी. सनावळी पडताळावी, चार मुद्दे टिपून ठेवावेत, घरातील वडीलधाऱ्यांस विचारावे. परंतु उत्तरे पाठ करू नयेत. आणि जी गोष्ट गाळावी असे मनात येईल, तिच्याजवळ क्षणभर थांबावे; बहुधा श्रोता तिचीच वाट पाहत असतो.