‘किरकोळ’ नावाचे खाते

मराठी साहित्य हा विशेष विषय घेतलेल्या विद्यार्थिनीने वार्षिक अंकासाठी कथा लिहावी, कविता लिहावी, निदान एखादे प्रवासवर्णन तरी द्यावे, असा संकेत आहे. जमाखर्च हा प्रांत वाणिज्य शाखेच्या मित्रांचा. त्यांच्या प्रांतात पाऊल टाकल्याबद्दल आरंभीच त्यांची क्षमा मागते. माझी बाजू एवढीच की, हा विषय मी वर्गात शिकले नाही. तो मी आमच्या घराच्या पुढच्या खोलीत, ज्वारीच्या पोत्याला टेकून शिकले. आणि एका बाईचे काम जाता जाता राहिले म्हणून शिकले.

माझी आई सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगांची चटणी करून विकते. सोलापूर म्हटले की बाहेरच्या माणसाला चादर आठवते. पण येथून गावी परतणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीत चादरीच्या घडीशेजारी चटणीचा पुडा हमखास असतो. कडक भाकरी म्हणजे ज्वारीची भाकरी पातळ थापून, भाजून, मग मंद आचेवर पापडासारखी कडक केलेली. ती कित्येक दिवस टिकते. आईच्या हाताखाली दोन काकू येतात. दोघी पूर्वी विड्या वळत. तेथे मजुरी हजार विड्यांवर, येथे ती भाकरीमागे दोन रुपये. म्हणजे नगावर मजुरी घेणे त्यांना नवे नव्हते.

जुलै २०२३ च्या अखेरीस आईचा पैशांचा डबा रिकामा होता. मोबाईलवर ग्राहकांकडून आलेले पैसेही संपले होते. वडील म्हणाले, “एवढी राबतेस आणि हाती काही उरत नाही. धाकट्या काकूंना उद्यापासून नको म्हणून सांग. मजुरीच धंदा खाते आहे.” आई म्हणाली, “अहो, तिची दोन पोरं शाळेत आहेत.” त्यावर कोणी काही बोलले नाही. दर शनिवारी वडिलांच्या डोळ्यांसमोर नोटा मोजून काकूंच्या हातात पडत. बाकीचा पैसा कधी, कोठे, कसा जातो ते एकत्र कोणालाच दिसत नव्हते. जो खर्च दिसतो तोच मोठा वाटतो. मी आईकडे वही मागितली.

वही उत्तम होती. तारीखवार, सुवाच्य, एकही दिवस सुटलेला नाही. पण तिच्यात एकाखाली एक नोंदी होत्या: दाणे, रिक्षा, माझी परीक्षा फी, दळण, गॅस, वडिलांच्या गोळ्या, पिशव्या. आपल्याकडे जुन्या हिशेबपद्धतीत दोन वह्या असत. रोज घडेल तसे लिहायचे ती रोजकीर्द. तेथून प्रत्येक नोंद उचलून ज्याच्या त्याच्या खात्यावर नेऊन लिहायची ती खतावणी; या कृतीला ‘खतावणे’ असे सुरेख क्रियापदच आहे. आईकडे रोजकीर्द होती, खतावणी नव्हती. सारा दोष एवढाच.

येथे मला एकनाथांची गोष्ट आठवते. जनार्दनस्वामींच्या हिशेबात एका पैची चूक होती; ती शोधण्यात नाथांनी रात्र घालवली आणि सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली, अशी आख्यायिका आपण शाळेत ऐकलेली आहे. नाथांची चूक बेरजेची होती. बेरीज जुळत नाही तेव्हा चूक स्वतःच हाक मारते. आईच्या वहीत बेरीज पैनपै जुळत होती आणि तरीही हिशेब चुकलेला होता. चुकीच्या खात्यात पडलेला रुपया बेरजेला कधीच सापडत नाही. म्हणून तो अधिक धोक्याचा.

खाती पाडायची कशी? पहिल्या दिवशी मी वस्तूंच्या नावावरून पाडली आणि ती तेवीस झाली. दुसऱ्या दिवशी ती सारी मोडली. कारण ‘रिक्षा’ हे एक खाते होऊच शकत नाही. बाजारातून पोती घरी आणणारी रिक्षा हा मालाच्या किमतीचाच भाग आहे. तयार भाकरी ग्राहकाकडे नेणारी रिक्षा हा पोचवणीचा खर्च आहे. मी परीक्षेला गेले ती रिक्षा धंद्याचा खर्चच नव्हे. व्याकरणाच्या तासाला आपण शिकतो की शब्द तोच असला तरी वाक्यातील त्याचे कार्य बदलले की त्याची विभक्ती बदलते. खर्चाचेही तसेच आहे. रुपयाला ‘तू कोण?’ असे विचारायचे नसते. ‘तू कशासाठी गेलास?’ असे विचारायचे असते.

दर खात्याला मी दोन कसोट्या लावल्या. पहिली, हा आकडा वाढला किंवा घटला तर आपण काही वेगळे करू का? करणार नसू, तर ते खाते वेगळे ठेवण्यात अर्थ नाही. जिरे आणि मीठ यांची स्वतंत्र खाती कोणाच्याही कामाची नाहीत. दुसरी, एकच चिठ्ठी आईने आणि मी वेगवेगळी लावली तर ती एकाच खात्यात पडेल का? पडत नसेल, तर खात्याची व्याख्या सैल आहे. आम्ही खरोखरच बिस्किटांचे रिकामे डबे मांडले आणि महिन्याच्या चिठ्ठ्या त्यांत टाकत गेलो. जेथे आमचे भांडण झाले तेथे व्याख्या घट्ट केली आणि ती एका पुठ्ठ्यावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली.

शेवटी सात खाती उरली. जुलैचे ६२,४०० रुपयांच्या विक्रीमागचे आकडे असे निघाले:

(१) माल (ज्वारी, दाणे, लसूण, तिखट इत्यादी, घरी आणण्याच्या भाड्यासह): २४,६०० रुपये
(२) दळण व इंधन: ५,२०० रुपये
(३) मजुरी: ९,६०० रुपये
(४) बांधणी (पिशव्या, लेबले, खोकी): ३,९०० रुपये
(५) पोचवणी: ४,३०० रुपये
(६) जागा, वीज, फोन, नोंदणी: १,८०० रुपये
(७) किरकोळ: ५०० रुपये

एकूण ४९,९०० रुपये. पहिली पाच खाती अशी की, भाकरी जास्त झाल्या तर ती वाढतात, कमी झाल्या तर घटतात. सहावे खाते महिनाभर चूल पेटली नाही तरी द्यावेच लागते. भाव ठरवताना हा भेद फार उपयोगी पडतो. विजेचा मीटर घराचा आणि धंद्याचा एकच आहे. म्हणून बिलाचा तिसरा हिस्सा धंद्याचा, असे एकदा ठरवून लिहून ठेवले. हिस्सा थोडा चुकला तरी चालेल, तो दर महिन्याला बदलू नये.

आता वाचकांच्या लक्षात आले असेल की, ६२,४०० मधून ४९,९०० वजा केले तर १२,५०० रुपये उरायला हवेत. मग डबा रिकामा का? याचे उत्तर म्हणजे सगळ्या प्रकरणातील मुख्य धडा. डब्यातून बाहेर गेलेला प्रत्येक रुपया हा खर्च नसतो. आठव्या डब्यात आम्ही अशा चिठ्ठ्या टाकल्या होत्या, ज्या सातांपैकी कोठेच बसेनात. त्या तीन प्रकारच्या निघाल्या.

थोरल्या काकूंनी १,५०० रुपये उचल घेतली होती. उचल ही मजुरी नव्हे. ते येणे आहे, पुढच्या मजुरीतून फिटणारे. पिशव्या बंद करण्याचे यंत्र २,४०० रुपयांना घेतले होते. ते एका महिन्यात संपणार नाही. चार वर्षे चालेल असे धरले तर जुलैवर त्याचा भार ५० रुपयांचाच. हा भांडवली खर्च आणि त्याचा घसारा. उरलेले ८,६०० रुपये घराने नेले होते: किराणा, वडिलांच्या गोळ्या आणि माझी परीक्षा फी. घराने नेलेली रक्कम हा धंद्याचा खर्च नव्हे. ती धंद्याची कमाई खर्च होणे आहे. तिन्हींची बेरीज नेमकी १२,५००.

म्हणजे धंदा तोट्यात नव्हता. धंदा घर चालवत होता आणि घर त्यालाच तोट्यात म्हणत होते. त्या रकमेत माझी फी होती, हे लिहिताना मला आजही संकोच वाटतो.

मग धाकट्या काकूंचे काय? मजुरी ९,६०० खरी; पण भाकरीमागे दोन रुपये असल्याने त्या गेल्या तर मजुरीबरोबर तेवढ्या भाकरीही गेल्या असत्या. गळती निघाली पाचव्या खात्यात. पोचवणीच्या ४,३०० पैकी २,७०० रुपये पुण्यातील एकाच दुकानाच्या पार्सलांवर गेले होते. त्या दुकानाची महिन्याची खरेदी ७,५०० रुपयांची. पहिल्या चार खात्यांचा खर्च विक्रीच्या सुमारे ६९ टक्के पडतो; म्हणजे त्या मालाला साधारण ५,२०० रुपये आधीच लागलेले. त्यात २,७०० मिळवले की ७,९०० होतात. ज्या गिऱ्हाइकाचा आम्हांला अभिमान होता, त्याला माल पाठवून आम्ही महिन्याला चारशे रुपये घालवत होतो. वर वाटेत मोडलेल्या भाकरी वेगळ्याच. मोडलेल्या भाकरीची चिठ्ठी येत नाही, म्हणून ती कोणत्याच खात्यात दिसत नाही. त्यासाठी आम्ही वहीत पैशांशेजारी नगांचा एक रकाना वाढवला: केल्या किती, विकल्या किती, मोडल्या किती. आता पुण्याला फक्त चटणी जाते. ती मोडत नाही आणि थोड्या जागेत जास्त किमतीची मावते. धाकट्या काकू कामावर आहेत.

पुढच्या मार्चमध्ये एक नवा घोळ झाला. रब्बीची ज्वारी बाजारात आली तेव्हा आईने सहा क्विंटल एकदम घेतली आणि त्या महिन्याचा हिशेब भयंकर तोट्याचा दिसू लागला. तेव्हा समजले की माल घेणे आणि माल वापरणे या दोन गोष्टी आहेत. महिन्याच्या पहिल्या दिवशीची शिल्लक, अधिक खरेदी, वजा शेवटच्या दिवशीची शिल्लक, एवढाच त्या महिन्याचा खर्च. तेव्हापासून महिनाअखेरीस मी पोती मोजते.

‘किरकोळ’ या सातव्या खात्याविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण त्याचे नाव मी लेखाला दिले आहे. जेथे विचार करायचा कंटाळा येतो तेथे माणूस ‘किरकोळ’ लिहितो. हे खाते अजिबात नको असे म्हणणेही चूक, कारण मग खोट्या नोंदी होतात. आम्ही त्याला महिन्याला ५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. ती ओलांडली की आत काय काय साचले ते उघडून पाहायचे आणि गरज असेल तर नवे खाते पाडायचे. स्नेहसंमेलनांच्या हिशेबात ‘इतर खर्च’ अशी एक ओळ वाचण्याचा योग ज्यांना आला असेल, त्यांना अधिक सांगायला नको.

१४९४ साली व्हेनिस येथे लुका पाचोली याचा गणितावरील ग्रंथ छापला गेला. द्विनोंदी पद्धतीचे तपशीलवार वर्णन त्यात आहे. प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहिण्याची ती पद्धत मोठ्या पेढीला हवीच. आमच्यासारख्यांना मात्र एक रोजकीर्द, सात खात्यांची खतावणी, खर्च नसलेल्या रकमांसाठी एक स्वतंत्र पान आणि रोज रात्री दहा मिनिटे एवढे पुरते. मोबाईलवरून दिलेले पैसे त्याच रात्री वहीत उतरवायचे आणि डब्यातली रोकड मोजून ताळा पाहायचा. सकाळपर्यंत ठेवले की ‘किरकोळ’ फुगते.

एक खाते मात्र अजून आमच्यात वादाचे आहे. १२,५०० मधून यंत्राचा घसारा काढला तर १२,४५० उरतात. हा ‘नफा’ म्हणायचा का? जुलैत आईने २६ दिवस, रोज सुमारे पाच तास काम केले. म्हणजे १३० तास. तासाला जेमतेम ९६ रुपये पडतात. एकट्या मालकाच्या धंद्यात मालकाने स्वतःला दिलेला पगार आयकराच्या हिशेबात खर्च धरला जात नाही. कायद्याचे ते ठीक आहे. पण घरातल्या वहीत आठवे खाते हवे, असे मी म्हणते: ‘आईची मजुरी’. नाहीतर तिचे काम फुकट धरूनच भाकरीचा भाव ठरत राहील.

मी ते खाते पाडून दाखवले तेव्हा आई हसली. “अगं, स्वतःच्याच घरात मजुरी कसली घ्यायची?” असे म्हणून ती पीठ मळायला उठली. वही तिने बंद केली नाही. दुसऱ्या दिवशी पाहिले तर त्या पानावर, तारखेपुढे, तिच्या सुवाच्य अक्षरात लिहिले होते: पाच तास.