नगरला मुक्काम करा

पुण्याहून शिर्डीला किंवा शनिशिंगणापूरला निघालेली गाडी नगरला थांबते ती चहापुरती. बाह्यवळणाने गेलं तर शहर दिसतही नाही. सुट्टी म्हटली की महाबळेश्वर, कोकण, नाहीतर थेट परदेश असा बेत होतो, आणि पाचशे वर्षांहून जुनं, एकेकाळी राजधानी असलेलं हे शहर वाटेतच मागे पडतं. अहिल्यानगर हे त्याचं आताचं अधिकृत नाव, पण एसटीत कंडक्टर अजूनही ‘नगर, नगर’ असाच पुकारा करतात. या शहरात एक रात्र राहून दोन दिवस फिरावं, एवढं वैभव इथे नक्कीच आहे.

२८ मे १४९० रोजी निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला. सीना नदीच्या काठी त्याने वसवलेलं शहर पुढे निजामशाहीची राजधानी झालं. त्या काळी दूरदूरचे लोक इथे येत. विजापूरच्या बुरुजावर आज दिसणारी प्रचंड ‘मलिक-ए-मैदान’ तोफ १५४९ मध्ये नगरमध्येच ओतली गेली, आणि ती ओतणारा मुहम्मद बिन हसन रूमी हा तुर्की कारागीर होता. भूमध्य समुद्राकडची विद्या सीनेकाठी पोचली, एवढा या दरबाराचा लौकिक होता.

पहिला दिवस : किल्ला, मशीद, रणगाडे

सुरुवात भुईकोट किल्ल्यापासूनच करावी. डोंगराचा आधार नसताना सपाट जमिनीवर किल्ला लढवायचा कसा, हे इथला खंदक आणि गोलसर तटबंदी पाहिली की कळतं. आजचा दगडी कोट हुसेन निजामशहाच्या काळातला, सोळाव्या शतकाच्या मध्यानंतरचा. त्याचीच मुलगी चांदबिबी. १५९५-९६ मध्ये शाहजादा मुराद याच्या मोगली फौजेने सुरुंग लावून तटाला खिंडार पाडलं, तेव्हा ती स्वतः तलवार घेऊन तिथे उभी राहिली आणि रातोरात खिंडार बुजवून घेतलं. त्या वेळी मोगलांना तह करावा लागला. किल्ला पडला तो १६०० मध्ये, तिच्या हत्येनंतर. पुढे १८०३ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने तो जिंकला.

ऑगस्ट १९४२ मध्ये नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव या नेत्यांना इथे कैदेत आणलं गेलं. त्यांच्या खोल्या जपून ठेवल्या आहेत आणि त्या आवर्जून पाहाव्यात. नेहरूंनी आवारातल्या खडकाळ, राबीट मिसळलेल्या मातीत फुलांचे वाफे केले आणि १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळात ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. आझाद पहाटे उठून स्वतः चहा करत आणि न पाठवता येणारी पत्रं लिहीत. त्यांचंच पुढे ‘गुबार-ए-खातिर’ झालं. भारतीय साहित्यातली दोन मोठी पुस्तकं एकाच तुरुंगात लिहिली गेली, हे त्या खोल्यांसमोर उभं राहिल्यावर जास्त भिडतं. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. ओळखपत्र जवळ ठेवा आणि प्रवेशाची वेळ आधी विचारून घ्या.

किल्ल्याजवळच दमडी मशीद आहे. आकाराने लहान, पण दगडावरचं कोरीवकाम इतकं बारीक की पाहणारा हात लावल्याशिवाय राहत नाही. किल्ल्याच्या बांधकामावरच्या मजुरांनी दमडी-दमडी जमवून ती उभारली, असं लोक सांगतात.

मुलं बरोबर असतील तर दुपार रणगाडा संग्रहालयासाठी राखून ठेवा. लष्कराच्या चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र नगरमध्ये आहे. त्याच्या संग्रहालयात १९९४ पासून देशोदेशीचे रणगाडे झाडांच्या सावलीत मांडलेले आहेत. रोल्स रॉईसची चिलखती मोटार, दुसऱ्या महायुद्धातला चर्चिल, आपला विजयंता आणि १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन, सगळे अगदी हाताच्या अंतरावर.

संध्याकाळ : बाजार आणि ताट

दिवस कलला की कापडबाजारात पायी शिरावं. लग्नाचा बस्ता बांधायला आसपासच्या तालुक्यांतली कुटुंबंच्या कुटुंबं इथे येतात. गादीवर बसून साड्यांच्या घड्या उलगडायला लावणं, आजीचं मत शेवटी घेणं, हा सोहळा बघण्यासारखा असतो. तिथून दाळमंडई, सराफबाजार असं भटकत माळीवाड्याच्या विशाल गणपतीला जावं. ही नगरची ग्रामदेवता.

जेवणात बाजरीची भाकरी, ठेचा आणि हुलग्याचे शेंगोळे मागा. लसूण-मिरचीच्या झणझणीत रश्शात शिजलेले शेंगोळे या कोरडवाहू मुलखाचं खरं अन्न आहे. कमी पावसात जे पिकतं, त्यातूनच इथल्या बायकांनी ही चव घडवली. गोड हवं असेल तर अकोले तालुक्यातल्या राजूरचे पेढे घ्या. थंडीत आलात तर शेतावरचा हुरडा चुकवू नका. शाळूची कोवळी कणसं आगटीत भाजून, हातावर चोळून, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर गरमागरम खायची.

दुसरा दिवस : डोंगर, समाधी, पंगत

सकाळी लवकर पाथर्डी रस्त्याने निघा. शहरापासून तेरा-चौदा किलोमीटरवर डोंगरमाथ्यावर जी अष्टकोनी, तीन मजली वास्तू दिसते तिला सगळे चांदबिबी महाल म्हणतात. प्रत्यक्षात ती निजामशाहीचा वजीर दुसरा सलाबतखान याची कबर आहे. वरच्या कमानींतून वारा असा घुसतो की उन्हाळ्यातही घाम सुकतो. याच सलाबतखानाच्या देखरेखीखाली १५८३ मध्ये फराहबाग महाल पूर्ण झाला. चहूबाजूंनी तलाव आणि मधोमध महाल अशी त्याची रचना होती. आज त्याची पडझड झाली असली तरी मधल्या दालनाची उंची पाहून थक्क व्हायला होतं.

दिवस रविवारचा असेल तर आगडगावच्या काळभैरवनाथाला जा. तिथे दर रविवारी आमटी-भाकरीचा महाप्रसाद असतो. जमिनीवर पंगतीत बसून, भाकरी कुस्करून, तिखट आमटी वाढून घ्यायची. शेजारी कोण बसलंय हे कोणी विचारत नाही.

परतल्यावर दौंड रस्त्यावरच्या अरणगावला मेहेराबाद गाठा. १० जुलै १९२५ पासून आमरण मौन पाळणाऱ्या मेहेरबाबांची समाधी तिथल्या टेकडीवर आहे. ३१ जानेवारीच्या अमरतिथीला, म्हणजे त्यांच्या पुण्यतिथीला, जगभरातून लोक येतात.

नगरला हॉटेलं पुरेशी आहेत. पुण्याहून अंतर साधारण १२० किलोमीटर, दौंड-मनमाड मार्गावर रेल्वेही आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ.

पाहणारी माणसं आली की वास्तूंची निगा राखली जाते आणि वाटाड्याला, खाणावळीला, रिक्षावाल्यालाही काम मिळतं. फराहबाग, दमडी मशीद आणि सलाबतखानाची कबर टिकावी असं वाटत असेल, तर पुढच्या शिर्डीच्या बेतात नगरची एक रात्र जोडा.