स्मृती बदलल्यानंतर सुरू न होणारा संगणक : दोषशोधनाचा क्रम

पिंपरी-चिंचवड, भोसरी व चाकण या औद्योगिक पट्ट्यात संगणक आता केवळ कचेरीतील मेजावर राहिलेला नाही; यंत्रशाळेतील मापनयंत्रे व तपासणीची उपकरणे यांनाही तो जोडलेला असतो. येथील पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असल्यामुळे दुरुस्तीची कामे त्या दिवशी उरकली जातात. अशा वेळी नवी रॅम बसवून कळ दाबली असता पंखा फिरतो, परंतु पडद्यावर काहीच उमटत नाही, तर शुक्रवारच्या पहिल्या पाळीपूर्वी दोष शोधणे भाग पडते. 'नवी रॅमच खराब आहे' असा निष्कर्ष तत्काळ काढला जातो. परंतु तो बहुधा घाईचा ठरतो.

पडदा कोरा का राहतो, हे प्रथम पाहू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या संगणकाची स्मृती फेराइटच्या चुंबकीय कड्यांची होती. तीत प्रत्येकी ४० द्विमान अंकांचे २०४८ शब्द मावत, आणि वीज गेली तरी कड्यांचे चुंबकत्व टिकून राही. आजच्या रॅममध्ये माहिती अतिसूक्ष्म धारित्रांतील विद्युत्भाराच्या रूपाने राहते. हा भार गळत असल्याने साधारणतः ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो. यास्तव संगणक सुरू होताना स्मृती प्रत्येक वेळी नव्याने कार्यक्षम करावी लागते. रॅमवरील एका लहान चिपमध्ये तिची क्षमता व वेग नोंदलेले असतात; बायोस ती नोंद वाचून संकेतांच्या वेळा जुळवते. हे पूर्ण होईपर्यंत पडद्यावर चित्र उमटवण्याची व्यवस्था सामान्यतः सुरूच होत नाही. म्हणून स्मृतीतील दोष पडद्यावर न दिसता मदरबोर्डवरील दिव्यांवरून किंवा शिटीच्या आवाजावरून ओळखावा लागतो.

यावरून पहिली सूचना निघते, ती धीराची. डीडीआर-५ जातीची नवी रॅम बसवल्यावर वेळा जुळवण्यास काही मिनिटेही लागू शकतात. तेवढ्यात वीज बंद केल्यास ती क्रिया पुन्हा आरंभापासून करावी लागते.

त्यानंतरही संगणक सुरू न झाल्यास वीजजोडणी काढून, अंगावरील स्थिर विद्युत् धातूला स्पर्श करून उतरवावी व जुनी रॅम मूळ जागी बसवून पाहावी. हा प्रयोग निर्णायक आहे. जुन्या रॅमवर संगणक सुरू झाला, तर मदरबोर्ड व वीजपुरवठा यांवरील संशय पुष्कळ कमी होतो. तो न झाल्यास हाताळणीत एखादी वायर सैल झाली काय, हे पाहावे.

पुढे नव्या रॅमची एकच पट्टी घेऊन, मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या स्लॉटमध्ये खटका लागेपर्यंत दाबावी. अर्धवट बसलेली पट्टी हे सर्वांत साधे व नेहमीचे कारण होय. यंत्रशाळेतील तेलकट धूळ संपर्कांवर बसली असल्यास ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. पॉलिशपेपर वापरल्यास सोन्याचा पातळ मुलामा निघून जातो. डीडीआर-४ व डीडीआर-५ या दोहोंचे संपर्क २८८ असले तरी खाच निराळ्या जागी असते. म्हणून जोर लावू नये. याउलट सर्व्हरसाठीची 'रजिस्टर्ड' डीडीआर-४ रॅम साध्या स्लॉटमध्ये नीट बसते, परंतु साधा मदरबोर्ड तिच्यावर चालत नाही.

शेवटचा उपाय बायोसची मांडणी पुसून मूळ स्थितीत आणण्याचा. जुन्या रॅमसाठी ठरवलेला वेग नव्या रॅमला न झेपल्यास तो उपयोगी पडतो. मात्र त्याने डिस्कची मांडणी व सुरू होण्याचा क्रमही पुसला जातो, आणि मापनयंत्राचा संगणक निराळ्याच कारणाने अडू शकतो. म्हणून जुन्या रॅमवर संगणक सुरू करून या नोंदी आधीच लिहून घ्याव्यात. प्रत्येक वेळी एकच बदल करावा, अन्यथा कोणत्या बदलाने गुण आला हे कळत नाही.

संगणक सुरू झाला म्हणजे काम संपले असे मात्र नव्हे. स्मृतितपासणीचा प्रोग्राम रात्रभर चालवून एकही चूक न आढळल्यावरच संगणक पाळीच्या स्वाधीन करावा. कोरा पडदा निदान सर्वांना दिसतो. अधूनमधून चुकणारी स्मृती मात्र मापनाच्या आकड्यात शिरून, सदोष भाग निर्दोष म्हणून पुढे पाठवू शकते.