संशोधक विद्यार्थी आणि मार्गदर्शक

पदवीच्या विद्यार्थ्यास अनेक शिक्षक लाभतात, पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचा मार्गदर्शक मात्र बहुधा एकच असतो. विषयाची निवड, प्रकरणांची तपासणी आणि अखेर प्रबंधावरील स्वाक्षरी या तिन्ही ठिकाणी त्याचाच शब्द चालतो. त्यामुळे हे नाते जितके निकटचे, तितकेच विषम असते.

यवतमाळ जिल्ह्यात या विषमतेत अंतराची भर पडते. येथील महाविद्यालये १९८३ साली स्थापन झालेल्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात, आणि यवतमाळहून अमरावती सुमारे ९० किलोमीटर आहे. नोकरी सांभाळून संशोधन करणाऱ्या वणीच्या किंवा उमरखेडच्या विद्यार्थ्याचा मार्गदर्शक अमरावतीस असला, तर एका भेटीसाठी पूर्ण दिवस खर्ची पडतो.

विलंबाची किंमत विषयागणिक बदलते. साहित्याच्या अभ्यासकाचे प्रकरण महिनाभर वाचले गेले नाही, तर महिनाच जातो. कोरडवाहू कपाशीवर प्रयोग करणाऱ्याची गोष्ट निराळी. तिची पेरणी जूनमध्ये, मृगाच्या पावसाबरोबर व्हावयाची. प्रयोगाचा आराखडा जुलैअखेर संमत झाला, तर पुढील पावसाळ्यापर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नाही.

मार्गदर्शकाची बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. त्याच्यामागे अध्यापन, परीक्षा आणि इतर संशोधकांचे प्रबंध असतात. मुदतीच्या आदल्या आठवड्यात कच्चे प्रकरण पुढे ठेवणारा किंवा प्रतिकूल निष्कर्ष दडवणारा विद्यार्थी त्याचा विश्वास गमावतो.

या दोन्ही अडचणींचा विचार विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत दिसतो. प्राध्यापकास एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकास ६ आणि सहायक प्राध्यापकास ४ विद्यार्थीच घेता येतात. कारण प्रबंध नीट वाचावयास वेळ लागतो. शिवाय विद्यार्थ्याने दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे आपली प्रगती मांडावयाची असते. मार्गदर्शक हा समितीचा निमंत्रक असला, तरी प्रगतीचा निवाडा त्याच्या एकट्याचा राहत नाही.

परंतु समिती सत्रातून एकदा भेटते. रोजचा व्यवहार दोघांनीच सांभाळावयाचा असतो. प्रत्येक भेटीत काय ठरले, पुढील प्रकरण कधी द्यावयाचे आणि ते वाचून कधी परत मिळेल, हे दोन ओळींत लिहून दोघांनीही जवळ ठेवावे. मतभेद झाल्यास निर्णय पुराव्याने व्हावा, वडीलकीने नव्हे. गुरूविषयीचा आदर आपल्या समाजात खोल रुजलेला आहे. पण संशोधनात प्रश्न विचारणे हा अनादर नव्हे. ज्या दिवशी विद्यार्थी आपल्या विषयात मार्गदर्शकाहून अधिक जाणू लागतो, तो दिवस दोघांच्याही यशाचा होय.